बसूच्या पहिल्या वर्षाचे किस्से

किस्से जमवावे लागत नाहीत. दोन माणसं एका पिशवीमागं वर्षभर गावोगाव हिंडली की ते आपोआप अंगाला चिकटतात. आज बसवराजच्या घरी जिंकलेले कप ठेवायला जागा उरलेली नाही. त्याची बायको, सुमनवहिनी, एका कपात तूरडाळ ठेवतात. पाहुणे त्याला विचारतात, "एवढं कसं जिंकलात हो?" बसू नुसता हसतो आणि माझ्याकडं बोट करतो, "मन्मथला विचारा, पिशवी त्याच्या खांद्यावर होती."

खांदा माझा अजून दुखतो! लातूरला माझं सायकलचं दुकान होतं. ते भावाच्या हवाली करून मी बसूचा कॅडी झालो, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची पिशवी वाहणारा. जिंकायला लागल्यावरचे किस्से सगळ्यांना माहीत आहेत. हे पहिल्या वर्षाचे. त्या वर्षी एकच टांगती तलवार होती. पात्रता फेरी खेळून बसूला एका वर्षाचं कार्ड, म्हणजे मोठ्या स्पर्धा खेळायचा परवाना, मिळालं होतं. वर्षाच्या शेवटी बक्षिसांच्या कमाईच्या यादीत वर राहिला तर कार्ड टिकणार. नाहीतर पुन्हा पात्रता फेरी पार होईपर्यंत स्पर्धा बंद, आणि बसू पुन्हा ऑफिसात शिपाई, तोही ठेवून घेतला तर!

*

आधी हा खेळ आमच्या मुलखात आला कसा ते सांगतो.

उस्मानाबादपासून लातूर तोडून नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याबरोबर नवी ऑफिसं आली, आणि एका ऑफिसात एक साहेब आले ते गोल्फच्या काठ्या घेऊन. काठ्या होत्या, मैदान नव्हतं. त्यात दुष्काळ. रेणापूरकडचा एक तलाव पार आटून त्याला भेगा पडल्या होत्या. साहेबांनी तिथंच नऊ भोकं पाडली. गवत कुठलं! भोकाभोवती वाळू पसरून तिच्यावर जळकं ऑईल ओतलं, की झालं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची गुळगुळीत जागा. बसू साहेबांचा शिपाई. दिवसभर फाईल, संध्याकाळी पिशवी. साहेब दमले की बसू मारायचा. महिन्याभरात साहेब हरायला लागले.

पण गावात वेगळीच हवा. साहेब झेंडे लावून राहिलेत म्हणजे सर्व्हे चाललाय, कालवा येणार! लोक जमिनीचे कागद घेऊन तलावात उतरले. बसूनं समजावलं की बाबांनो, कालवा नाही, खेळ आहे. कुणाला पटेना. एक म्हातारी डोक्यावर रिकामी घागर घेऊन उभी होती. तिनं भोकात वाकून बघितलं आणि म्हणाली,

"साहेबाला सांग, एवढी भोकं पाडूनच राहिलाव तर अजून दोन पुरुष खाली जावा म्हणावं. पाणी तरी लागंल!"

साहेब त्या दिवशी खेळले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र टँकरची फाईल पुढं सरकली.

*

पहिली मोठी स्पर्धा. बसूनं आयुष्यात पहिल्यांदा खरं हिरवं मैदान बघितलं आणि त्याचा खेळच बसला.

कारण काय? लोखंडी काठीनं चांगला फटका मारायचा तर बॉलबरोबर गवताचा एक तुकडा उडतोच. बसूच्यानं तो उडवेना! काठी जमिनीला टेकायच्या आतच हात वर. बॉल नुसता सरपटत जायचा. तीन होलात चार फटके वाया गेले. मी म्हणालो, "अरे मार की! काय झालं?"

"एवढं हिरवं हाय रे. उपटू वाटंना."

"तुझ्या बापाचं हाय का? क्लबचं हाय, मार!"

मारला. पुरीएवढा तुकडा उडाला आणि बॉल थेट झेंड्यापाशी. मी पिशवी उचलली, मागं बघतो तर बसू नाही. हे महाशय गुडघ्यावर बसून तो तुकडा जागच्या जागी बसवत होते. तिथवर ठीक, तसा नियमच आहे. पण ह्यानं आमच्या दोघांत मिळून असलेली प्यायच्या पाण्याची बाटली त्यावर ओतली! मागचे खेळाडू खोळंबलेले, पंच घड्याळ बघत होता.

"चल ना भाऊ!"

"थांब, जीव धरंल." उरलेले होल आम्ही तहानलेले खेळलो, पण बसू त्या दिवशी वाचला.

*

दुसऱ्या एका गावी सुरुवातीलाच घोळ. पहिल्या फटक्याआधी माईकवर नाव पुकारतात. माणूस वाचू लागला, "बसवराज, उस्मानाबाद!"

बसू बॉल ठेवायला वाकला होता, तो सरळ उभा राहिला. "साहेब, लातूर."

"फॉर्मवर उस्मानाबाद आहे."

"फॉर्म जुना हाय. जिल्हा निराळा झालाय."

वेळेत फटका मारला नाही तर दंडाचे दोन फटके. मी मागून ढोसतो, "मार की बाबा, जिल्ह्याचं मागून बघू!" छे! हाताची घडी घालून उभा. साथीला असलेले दोघे माझ्याकडं बघायला लागले, जसा काही जिल्हा मीच फोडला होता. शेवटी माईकवाल्यानं घाम पुसला आणि पुकारलं, "बसवराज, लातूर!" घड्याळाचा काटा वेळेवर टेकायला आला तेव्हा ह्याचा बॉल हवेत होता.

मी चिडून विचारलं, "दोन फटके गेले असते म्हणजे?"

"गेले असते तर लातूरचे गेले असते."

*

आता माझी चूक. लपवत नाही.

पावसाळा कोरडाच गेला होता. लातूरला नळ चार-चार दिवसांनी यायचा. आणि आम्ही खेळत होतो अशा ठिकाणी जिथं गवताला रोज आंघोळ! यादीत बसू अगदी काठावर होता. पंधराव्या होलला त्याचा बॉल वाकडा गेला, उंच गवतात. जाऊन बघतो तर तिथला पाण्याचा पाईप फुटलेला, बॉल डबक्यात. बसूचा चेहरा खुलला. नियमच तसा आहे. बॉल असल्या साचलेल्या पाण्यात असेल तर उचलून कोरड्या, चांगल्या जागी ठेवता येतो, दंड नाही. तो पंचाला बोलवायला गेला.

मी एकटा. समोर पाणी भळाभळा वाहून चाललेलं. वीस पावलांवर वॉल्व्ह. मला काय झालं कुणास ठाऊक, पाय आपोआप गेले आणि मी तो वॉल्व्ह आवळून बंद केला! जमीन तापलेली, तिनं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. पंच आले. वाकून बघितलं.

"पाणी कुठं आहे?"

मी वॉल्व्हकडं बोट दाखवलं.

"आत्ता पाणी नाही. जसा आहे तसा खेळा."

उंच गवतातून बॉल काढायला बसूला तीन फटके लागले. त्यापुढचे तीन होल तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. काठी मागायचा तीसुद्धा बोटानं. मी मनात लातूरची गाडी धरली होती. अठरावा होल संपला, फटक्यांच्या कार्डावर सही झाली, तेव्हा तो जवळ आला. म्हटलं, आता मार बसतो.

"मन्या," तो म्हणाला, "वॉल्व्ह नीट बंद केला व्हतास न्हवं?"

*

वर्षाची शेवटची स्पर्धा आठवड्यावर आली आणि ऑफिसचं पत्र आलं. बिनपगारी रजा संपली, हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. साहेबांची बदली झालेली, सांभाळून घेणारं कुणी नाही.

पत्राचा वास बसूच्या सासुरवाडीला, उमरीपर्यंत गेला असणार, कारण दुसऱ्याच दिवशी तिथून सासरे हजर. दारातूनच सुरू झाले, "मी पोरगी जिल्ह्याच्या हापिसाला दिली व्हती, चेंडू ढकलणाऱ्याला न्हाई!"

बसू खाली मान घालून बसला. मी पिशवीचे पट्टे मोजत बसलो. सुमनवहिनी चहा घेऊन आल्या. वडिलांच्या हातात कप दिला आणि म्हणाल्या,

"अण्णा, हापिसात बी ह्ये ढकलायचंच काम करायचे. तवा फाईल ढकलायचे, अन् फाईल कवाच जागेवर पोचली न्हाई. चेंडू निदान पोचतो तरी!"

सासऱ्यांनी चहा बशीत ओतला. वहिनींनी पदरातून कागद काढून बसूपुढं ठेवला. राजीनामा त्यांनीच लिहून ठेवला होता. "सही तेवढी करा," म्हणाल्या. बसूनं सही केली. आता मागं यायची वाटच राहिली नव्हती.

*

आणि आता शेवटची स्पर्धा.

शेवटचा दिवस, शेवटचा होल. हिशेब सोपा होता. चार फटक्यांत होल संपला तर कार्ड राहतं, पाच लागले तर जातं. तीन फटके झाले होते. बॉल आणि भोक यांच्यात आठ-नऊ फुटांचं अंतर. मी झेंडा काढून बाजूला उभा. बसूनं श्वास सोडला आणि बॉल ढकलला.

बॉल गेला, गेला, आणि भोकाच्या काठावर जाऊन थांबला! अर्धा आत लटकलेला. अशा वेळी नियम असा, की खेळाडूनं भोकापाशी पोचायचं आणि तिथून दहा सेकंद थांबायचं. दहा भरेपर्यंत पडला तर चार. त्यानंतर पडला तर एक फटका वाढवून पाच.

बसू आजाऱ्याच्या खोलीत जावं तसा पावलं दाबत गेला. पोचला आणि मोठ्यानं मोजायला लागला. बसूचे वडील, अप्पा, मोंढ्यात म्हणजे धान्याच्या बाजारात मापाडी. धान्य मापताना मापाडी 'एक' म्हणत नाही, पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतो. लहानपणापासून कानावर तेच, तर ह्याच्या तोंडून दुसरं काय येणार!

"लाभ... दोन... तीन... चार..."

मोजणं अगदी अप्पांच्याच चालीत, ना घाई, ना उशीर. "सात... आठ..." बॉल ढिम्म. "नऊ... दहा..." मी डोळे मिटले. "अकरा," बसू म्हणाला, आणि त्याच क्षणी टप्प असा आवाज झाला.

आमच्या जोडीला एक जुने बंगाली खेळाडू होते, सगळे त्यांना दादा म्हणत. बसूचं फटक्यांचं कार्ड तेच लिहीत होते. ते ओरडले, "दस में गिरा! अंदर है!" मी झेंडा फेकून नाचायला लागलो. बसू हलला नाही.

"दादा, पाच लिखो. ग्यारह हुआ."

पंच धावत आले. त्यांनी घड्याळ लावलं नव्हतं. दादांनी नुसता अंदाज केला होता. मोजलं होतं एकट्या बसूनं. मी त्याचा हात धरला, "अरे येड्या, घाबरून भरभर मोजलं असशील! दहाच झाले!"

"मापाड्याच्या पोराला मोजायचं नगं शिकवूस."

दादांनी पाच लिहिले. बसूनं सही केली. सही झाल्यावर कार्ड बदलत नाही. एका फटक्यानं यादीतून खाली गेला. नोकरी आधीच गेली होती. मी तिथंच गवतात बसून रडलो, सांगायला लाज कसली!

दुसऱ्या दिवशी दुपारी लातूरला घरी पोचलो. अप्पा ओसरीवर पायलीनं ज्वारी मापत बसले होते. बसू त्यांच्या समोर बसला आणि सगळं सांगितलं, काही न गाळता. अप्पांचा हात मापावरच थांबला.

"लाभ कवा म्हणलास?"

"भोकापाशी पोचलो की लगीच."

"पोचल्या पोचल्या? एक सेकंद बी जायच्या आधी?"

"हाव."

अप्पांनी पायली ज्वारीत बुडवली, काठोकाठ भरली, हातानं सारखी केली आणि बसूपुढं धरली.

"मग दहाच झाले की रे, पोरा. रिकाम्या मापाला लाभ म्हणत न्हाईत. भरल्यावर म्हणत्यात."