शेवंताचा डावा पाय

मी गाव सोडलं ते आडवी पडून. मागच्या खोलीचं दार बिजागरीतून काढलं, त्यावर गोधडी टाकली, गोधडीवर मला ठेवलं आणि धान नेणाऱ्या पिकअपमध्ये तणसाच्या थरावर ते दार चढवलं. गाव सोडताना लोक वळून बघतात म्हणे. मला मान वळवायची सोय नव्हती. देवरीचं जंगल लागलं तेव्हा सागाचे शेंडे आणि विजेच्या तारा तेवढ्या दिसल्या. नवरा बाजूला बसून दर खड्ड्याला ड्रायव्हरला शिव्या देत होता. माझी धाकटी जाऊ शेवंता अंगणातच उभी राहिली, गाडीजवळ आली नाही, हे मला नंतर कळलं.

दार दुसऱ्या दिवशी गावी परत गेलं. मी गेले नाही.

गावात राहिलेले अजून विचारतात, "काऊन नाही येत परत?" माझ्यासारख्या गोंदियाला आलेल्या बाया विचारतात, निभलं कसं? दोघांना एकदाच सांगून टाकते.

देवरीच्या बाजारातून काळीपिवळीनं परत येत होते. मागच्या फळीवर जागा मिळाली होती. आमच्या फाट्यावर गाडी थांबली आणि मागून ट्रकनं ठोकलं. मी उडाले आणि डांबरावर बसल्यासारखी आपटले. बाकीच्यांना खरचटलं. मी उठले, सांडलेले कांदे पिशवीत भरले आणि चालत घरी गेले. आमच्याकडची ही ठरलेली चूक. जो आपल्या पायानं घरी आला त्याला काही झालेलं नसतं! त्यात रोवणीचे दिवस. त्या दिवसांत कुठल्या बाईची कंबर दुखत नाही? माझी आई म्हणायची, "बाईची कंबर दुखली तं समज पानी चांगला झाला."

सकाळी उठता येईना. सासूबाईंनी लांबूनच निदान केलं. "उसण भरली. शेवंताले बोलाव."

शेवंता पायाळू. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसानं डावा पाय पाठीला लावला की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. शेवंताच्या पायाची ख्याती चार गावांत होती. धान कापताना चमक भरलेले गडी आमच्या ओट्यावर येऊन पाठ करून बसायचे आणि हसत उठून जायचे. तिनं कुणाकडून सुपारीचं खांडही घेतलं नाही. मला बसता येत नव्हतं म्हणून मी पालथी झोपले. शेजारपाजार दारात जमला होता. शेवंतानं तीनदा पाय लावला. बरं वाटलं, असं मी म्हणाले. काही तरी म्हणावं लागतं. दोन दिवसांनी पायांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा दार निघालं.

गोंदियाच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मणका दबला होता. पट्टा, गोळ्या, महिनोन्‌महिने व्यायाम. "और दीदी, झुकना मत. कभी नहीं."

धानाच्या घरात न वाकणारी बाई काय कामाची? परे म्हणजे धानाची रोपं खणा, रोवा, निंदा, कापा, बांधा, सगळं वाकून. घरात यावं तर चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, नळ गुडघ्याला. माझं गाव वाईट नाही, ते फक्त माझ्या कमरेच्या खाली आहे. म्हणून दवाखान्याजवळ एक कमरा भाड्यानं घेतला. नवरा शेती आणि गोंदिया अशा फेऱ्या मारायला लागला. मी 'बाई'ची 'दीदी' झाले आणि भाजीवाल्याशी हिंदीत भांडायला शिकले.

ट्रकच्या विमा कंपनीवर भरपाईचा दावा टाकला. आमचे वकील पहिल्याच भेटीत म्हणाले, "वो लात वाली बात मत निकालना."

मी म्हटलं, "कुणी विचारलं तर?"

ते पंख्याकडे बघायला लागले.

विचारलंच. विमा कंपनीच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, अपघात झाल्यापासून दवाखान्यात येईपर्यंत काय उपचार केले? मी सांगितलं, जावेनं पाय लावला. शपथ घेतली होती हे एक, आणि अर्ध्या गावानं दारात उभं राहून बघितलं होतं हे दुसरं. एक खोटं पकडलं गेलं असतं तर बाकीचं खरंही पाण्यात गेलं असतं.

झालं. ट्रकनं काही झालंच नाही, बाई चालत घरी गेली, मणका मोडला तो जावेच्या लाथेनं, अशी त्यांनी मांडणी केली. मी संध्याकाळी खोलीवर पोचायच्या आधी ही बातमी गावात पोचली होती. शेवंतानं जावेची कंबर मोडली!

गावानं म्हणायच्या आधीपासून शेवंता स्वतःच तसं समजत होती. पिकअप निघाल्या दिवसापासून तिनं कुणाला पाय लावला नव्हता. मला भेटायला आली नाही. माझ्या नवऱ्याच्या हाती वांगी, लाखोरीची भाजी पाठवायची, निरोप नाही. दावा फेटाळला गेला असता तर माझी भरपाई बुडाली असती, ते मी सोसलं असतं. पण कोर्टानंच सांगितलं असतं की शेवंतानं मोडलं, तर ती त्यातून उठली नसती. माझा जीव त्यात अडकला होता.

आमच्या वकिलांनी तिला साक्षीला बोलावलं. ती देवरीहून बसनं आली, माझ्याकडे न बघता पिंजऱ्यात उभी राहिली.

"तुम्ही जावेला लाथ मारली?" विमा कंपनीच्या वकिलानं विचारलं.

"लाथ कायले मारीन साहेब? जाऊ होय ते माही."

"मग काय केलं?"

"पाय लावला. डावा."

"किती जोरात?"

शेवंतानं विचार केला. "पायाखाली मुंगी असती तं चालत गेली असती."

मागच्या बाकावर कोणी तरी हसलं. न्यायाधीशही खाली बघायला लागले. मग शेवंता त्यांच्याकडेच वळली. "साहेब, तुमी शिकलेले. तुमीच सांगा ना मले, माह्या पायानं मोडलं असन का?"

"बाई, इथं तुम्ही उत्तरं द्यायची, प्रश्न विचारायचे नाहीत," ते म्हणाले. पण आवाज मऊ होता.

उत्तर पुढच्या तारखेला डॉक्टरांनी दिलं. तिचं काम नव्हतं, तरी शेवंता आली आणि दाराजवळच्या बाकावर बसली. डॉक्टर म्हणाले, असा मणका उंचावरून ढुंगणावर आपटलं की दबतो. पाय लावून असा दबत नाही. दवाखान्यात यायला उशीर केला, ते चुकलंच. पण मोडलं ते आपटण्यानं.

मी शेवंताकडे बघितलं. ती पदर तोंडाला लावून बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाई, भूक लागून राहिली." आम्ही कोर्टासमोर उभ्यानं समोसे खाल्ले. तिनं तीन खाल्ले. दाव्याचा निकाल फार पुढं लागला, आमच्या बाजूनं लागला, पण माझी पाठ खरी मोकळी झाली ती त्या समोशांच्या गाडीजवळच.

भरपाईतून मी खोलीत माझ्या कमरेच्या उंचीचा ओटा बांधून घेतला. आता उभ्यानं डबे करते. दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांना जेवण पोचवते. बरं चाललं आहे. थंडीत पाठ कुरकुरते, मी तिला बसू देत नाही.

मागच्या रोवणीत आठ दिवस गावी गेले. सयपाकघरात शेवंतानं विटा-मातीचा चौथरा उभारून चूल वर नेली होती. माझ्या मापाची. सासूबाई भिंतीला टेकून कुरकुरत होत्या, "उभ्यानं सयपाक? घरी लगन आहे का?" शेवंताला स्वतःला त्या चुलीवर टाचा उंचावून भाकर टाकावी लागते. गाव सोडून काय कमावलं, असं कुणी विचारलं तर सांगेन, आता दोन ठिकाणी माझ्या उंचीची चूल आहे. घर म्हणजे तेवढंच असावं, कोणी तरी आपलं माप लक्षात ठेवलेलं.

संध्याकाळी शेजारचा म्हातारा कंबर धरून ओट्यावर आला आणि सवयीनं पाठ करून बसला. शेवंता दारातच थांबली. माझ्याकडे बघितलं.

"विचार त्याला," मी म्हटलं.

"कुठी पडले होते काय, बुवा?"

"नाही वं. बांधावरचं ओझं उचललं."

"गाडीनं ठोकलं? झाडावरून? खरं सांगा, नाही तं गोंदियाले जाऊन फोटो काढा."

"अवो माय, पोलीस होय का तू? नाही पडलो!"

शेवंतानं लोट्यात पाणी घेतलं आणि डावा पाय धुतला.