दिवा अधू की डोळा

महिपतरावांची गाडी चिऱ्यांच्या ढिगावर चढली ही बातमी मिरजोळ्यात महिपतराव पोचायच्या आधी पोचली. खरं तर गाडी चढली वगैरे नव्हती. बंपरला पोचा पडला आणि वरचे चार चिरे खाली आले, एवढंच. पण एवढ्याशा गोष्टीवर वाडीचं पोट भरत नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला, रोजच्या वळणावर, घर बांधायला रचून ठेवलेले दोनशे चिरे माणसाला दिसत नाहीत म्हणजे काय, यावर दूधवाल्याचं एक मत होतं आणि पिठाच्या गिरणीवर त्याच्या बरोबर उलट. महिपतरावांच्या बायकोने, सोनूबाईने, कुणाचंच मत विचारलं नाही. तिने सरळ मुंबईला मुलाला फोन लावला.

"हेडलाइट मंद झालाय," महिपतरावांनी फोन हातात घेऊन सांगितलं. "मधेच पिवळा पडतो. चिरे दिसणार कसे?"

"हेडलाइट नाही बाबा, डोळे," संदेश म्हणाला. "मी शनिवारी येतो. गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

शनिवार उजाडला. संदेशची ट्रेन सहाला रत्नागिरीत येणार होती, आणि दुपारी तीन वाजता महिपतराव गाडीचं बॉनेट उघडून उभे होते.

गाडी म्हणजे दहा वर्षांची छोटी गाडी, पण तिच्यावर त्यांची बाग होती. हातखंब्याच्या पलीकडे आंब्याची चाळीस कलमं, आणि डिसेंबरात मोहोर आला की माकडं दिवस मावळेपर्यंत हलत नाहीत, त्यामुळे महिपतरावही हलत नाहीत. परतताना काळोख ठरलेला. गाडी गेली की बाग कुणाला तरी कराराने द्यायची आणि आपण ओटीवर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मोजायच्या. बत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेल्या माणसाला हे चित्र काही केल्या बघवत नव्हतं.

म्हणून सहाच्या आत बिघाड गाडीत सापडायला हवा होता. नोकरीत असताना ते फ्यूजपेटीला हात लावण्याआधी मनात म्हणत, मोठं काही नसू दे. आज पहिल्यांदाच म्हणत होते, काहीतरी असू दे.

कारण एक गोष्ट त्यांनी संदेशला सांगितली नव्हती. सोनूबाईलाही नाही. गेले चार महिने ते सकाळी उठल्यावर डावा डोळा झाकून उजव्याने भिंतीवरचं कॅलेंडर बघत. तारखा दिसत, पण आंघोळीनंतर आरशावर वाफ धरावी तशा. मग ते दोन्ही डोळ्यांनी बघत आणि बरं आहे म्हणत.

महिपतरावांच्या शर्टाच्या खिशाला पेन नसतो, टेस्टर असतो. लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे, हवं तर जाऊन बघा. सोनूबाईने तो फोटो दिवाणखान्यातून आतल्या खोलीत हलवला तो त्याच कारणाने. तर त्यांनी उजव्या हेडलाइटच्या बल्बचा होल्डर काढला, लाइटचं बटण दाबलं आणि होल्डरच्या तिन्ही खाचांत एकेक करून टेस्टर घातला. टेस्टर पेटला नाही. डाव्या बाजूला घातला. तिकडेही नाही.

"लाइनच येत नाही," ते घराच्या दिशेने म्हणाले. आवाजात सणाचा आनंद होता. "मी बोललो होतो."

"मग परवा पेटला कसा?" सोनूबाईने आतून विचारलं.

"मधेच येते, मधेच जाते. लूज आहे कुठंतरी."

आता लाइन येत नाही म्हटल्यावर ती कुठे अडली ते शोधायला नको? महिपतरावांनी स्टिअरिंगखालचं झाकण काढलं. मग त्याच्या बाजूचं काढलं. साडेचार वाजेपर्यंत वायरींचे झुबके खाली लोंबत होते, स्क्रू वाटीत होते आणि वाटीला कोंबडी लागली होती. आणि जिथे जिथे ते टेस्टर लावत होते, तिथे तिथे तो गप्प.

समोरचा सुलेमान आपल्या कुंपणाच्या गडग्यावरून हे बराच वेळ बघत होता. शारजात बावीस वर्षं मोठा ट्रक चालवून परतलेला माणूस. दुसऱ्याची फजिती पूर्ण पिकेपर्यंत तो बोलत नाही.

"महिपत," तो शेवटी अंगणात येत म्हणाला, "तो टेस्टर जरा बॅटरीवर लाव बघू."

महिपतरावांनी लावला. पेटला नाही.

"आता हॉर्न वाजव."

हॉर्न असा वाजला की सुलेमानच्या माडावरचे कावळे उडाले.

"बॅटरी मेली, पण ओरडते," सुलेमान म्हणाला. "अरे, हा तुझा टेस्टर दोनशे तीस व्होल्टचा साहेब. बारा व्होल्टला तो पापणी पण हलवायचा नाय. दीड तास तू त्याला उगाच सगळीकडे फिरवतोयस."

महिपतरावांचे कान तापले. आयुष्यभर घरांच्या आणि खांबांच्या विजेत राहिलेला माणूस, बारा व्होल्टशी त्याची कधी ओळखच झाली नव्हती. पण हसं झाल्याचं दुःख नंतर. आधी दुसरंच लक्षात आलं होतं. टेस्टर खोटा, म्हणजे सापडलेला बिघाड खोटा.

जुन्या इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून सुलेमानने दिवा बनवला. एक वायर गाडीच्या उघड्या पत्र्याला, दुसरी होल्डरच्या खाचेत. बल्ब लख्ख पेटला. डाव्या बाजूला लावला. तिकडेही लख्ख. हेडलाइटचे बल्ब पुन्हा बसवले, बटण दाबलं. समोर सुलेमानचा चिऱ्यांचा गडगा सावलीत होता, त्यावर दोन पांढरे गोल पडले. ना पिवळे, ना मंद.

"काही नाय हिला," सुलेमान म्हणाला. मग महिपतरावांच्या तोंडाकडे बघून तो बल्बच्या वायरी गुंडाळायला लागला.

फोन वाजला. "बाबा, गाडी वेळेत आहे. संगमेश्वर गेलं आता," संदेश म्हणाला. "लाइटचं काय झालं?"

"बघतोय," महिपतराव म्हणाले आणि फोन ठेवला. साडेपाच वाजायला आले होते.

ते गडग्यावरच्या त्या दोन गोलांकडे बघत राहिले. पांढरेच होते. नक्की? त्यांना सुलेमानला विचारायचं होतं, तुला किती पांढरे दिसतात रे. पण तो प्रश्न तोंडातून गेला असता तर उत्तराची गरज उरली नसती.

तेवढ्यात सोनूबाई चहा घेऊन आली. लोंबत्या वायरी, रिकामी वाटी, वाटीशेजारी कोंबडी, असं सगळं तिने एका नजरेत घेतलं.

"घेणारा काय हिला गोणीत भरून नेणार हाय?" ती म्हणाली. चहा सुलेमानच्या हातात दिला आणि बॉनेट धाडकन आपटून बंद केलं.

गडग्यावरचे दोन्ही गोल विझत्या निखाऱ्यासारखे लाल झाले. दोन श्वास तसेच राहिले आणि पुन्हा पांढरे झाले.

महिपतराव गडग्यावरून बॉनेटकडे वळले.

"परत आपट," महिपतराव म्हणाले.

"काय?"

"बॉनेट. परत आपट. मघासारखं, रागाने."

"आता राग कुठून आणू?"

"पस्तीस वर्षं संसार केलास, थोडा सापडेल."

सोनूबाईने आपटलं. काही नाही. पुन्हा आपटलं. काही नाही. तिसऱ्या वेळी तिने टेस्टर असलेल्या लग्नाच्या फोटोची आठवण काढली असावी. दोन्ही गोल भपकन पिवळे पडले.

महिपतरावांना ही खोड ओळखीची होती. हे त्यांनी शेकडो घरांत पाहिलं होतं. पंखा लावला की दिवा मंद, वारा सुटला की दिवे नाचतात. लोक मीटरला शिव्या देत आणि हे काही न बोलता शिडी खांबाला लावत.

"न्यूट्रल ढिला आहे," ते म्हणाले. "वीज परत नेणारी वायर. हिचा न्यूट्रल कुठंय?"

"गाडीला कसला न्यूट्रल? बॉडीच न्यूट्रल."

"पण बॉडीला कुठंतरी बांधला असेल ना?"

आता सुलेमानने चहा खाली ठेवला. हेडलाइटमागून निघालेली काळी वायर दोघांनी बोटाने धरून शोधली. दुसऱ्या दिव्याची वायरही तिलाच येऊन मिळाली होती आणि जोडी बॅटरीखाली गेली होती.

बॅटरीचं कनेक्शन सोडायच्या आधी महिपतरावांनी फ्यूजपेटी उघडली, हेडलाइटचे दोन्ही फ्यूज उपटले आणि खिशात टाकले.

"बटण बंद आहे की," सुलेमान म्हणाला. "वर बॅटरीपण सोडतोयस. त्यांची काय गरज?"

गरज नव्हती. पण या सवयीपुढे सोनूबाईनेही हात टेकले आहेत. खांबावर चढणाऱ्याने फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे खालून कुणी शहाणा लाइन चालू करणार नाही. एका साली त्यांचा जोडीदार बाबू फ्यूज खालच्या माणसाकडे देऊन चढला होता. तो वाचला, पण उजवा हात कायमचा लुळा झाला. तेव्हापासून महिपतराव घरातला पंखा पुसायचा तरी फ्यूज खिशात घालतात. एकदा तो तसाच खिशात ठेवून देवरूखला बारशाला गेले. घरात दिवसभर वीज नाही, फ्रिजमधली सुरमई वाया गेली आणि सोनूबाईची मालिकाही बुडाली. सुरमईचं तिने माफ केलं.

बॅटरी उचलली. खाली लाल धूळ, आणि धुळीत त्या वायरी पत्र्याला बांधणारा एक नट. खाऱ्या हवेने त्याच्यावर हिरवा-पांढरा भुगा धरला होता. महिपतरावांनी तो बोटाने फिरवला आणि तो फिरला. बोटाने फिरणारा नट. ते त्याच्याकडे असे बघत राहिले जसं माणूस निकालाच्या कागदावर आपलं नाव बघतो.

पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीची टोकं घासली, दहा नंबरच्या पान्याने नट आवळला. बॅटरी जागेवर, फ्यूज जागेवर. सव्वासहा झाले होते, काळोख उतरायला लागला होता. बटण दाबलं. गडगा उजळून निघाला. सोनूबाईने सांगायच्या आत बॉनेट आपटलं, दोनदा. प्रकाश ढिम्म हलला नाही.

"म्हणजे खरंच गाडीच होती," ती हळूच म्हणाली. एवढ्या हळू की महिपतरावांना पहिल्यांदाच कळलं, तीही घाबरली होती.

"आता जरा गडग्याला उभी रहा," ते स्टिअरिंगवर बसत म्हणाले. छाती फुगली होती. "उजेड कमरेपर्यंत यायला हवा. वर गेला तर समोरच्याच्या डोळ्यात जातो."

सोनूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. उजेड कमरेपर्यंत होता. चोख.

त्याच वेळी वळणावरून रिक्षा आली. संदेशची. तिचा दिवा सरळ महिपतरावांच्या डोळ्यावर आला आणि काचेवर मोठं पांढरं कडं पसरलं, कापूस पिंजावा तसं. कड्यात गडगा गेला, माड गेला, आणि सोनूबाई गेली. तिथे बाई उभी आहे हे त्यांना माहीत होतं. पण दिसत नव्हती. पाय आपोआप ब्रेकवर दाबला गेला, उभ्या गाडीत.

रिक्षावाल्याने दिवा बंद केला. सोनूबाई तिथेच होती, कमरेवर हात, पदर साडीत खोचलेला.

कुणाला काही कळलं नव्हतं. सुलेमान संदेशला नटाची गोष्ट सांगत होता, स्वतःचा वाटा जरा वाढवून. संदेशने गडग्यावरचा उजेड पाहिला, मान हलवली. "बाबा, सॉरी. मी उगाच डोळ्यांवर घेतलं."

महिपतराव गाडीत बसून होते. एक शब्द बोलले नसते तर बाग वाचली होती, गाडी वाचली होती, वाडीपुढे मान वर राहिली होती. फक्त त्या वळणावर कधीतरी चिऱ्यांच्या जागी कुणीतरी उभं असतं.

त्यांनी वाकून फ्यूजपेटी उघडली. उजेड गेला.

"काय झालं आता?" सोनूबाईने अंधारातून विचारलं.

ते खाली उतरले, तिच्यापर्यंत चालत गेले आणि दोन्ही फ्यूज तिच्या तळहातावर ठेवले. नोकरीच्या बत्तीस वर्षांत आणि त्यानंतरही त्यांनी फ्यूज दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता. सोनूबाईला ते ठाऊक होतं, म्हणून ती हसली नाही.

"दिवा अधू होता, खोटं नाय बोललो," ते म्हणाले. "पण उजवा डोळापण अधू आहे. आत्ता तू मला दिसली नाहीस." मग संदेशकडे वळून, "सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. तोवर बागेतून उन्हातच परतायचं. गाडी विकायची नाय."

मुंबईपासून पाठ केलेलं भाषण संदेशने बॅगेसकट ओटीवर ठेवलं.

सोनूबाईने फ्यूज पदराच्या टोकाला बांधले, गाठ ओढून बघितली. "मोतीबिंदूच असेल. ऑपरेशन झालं की माझ्याकडे मागायला यायचं," ती म्हणाली. "नीट मागायचं. टेस्टर न लावता."

"आणि माकडं?" सुलेमानने विचारलं. "पाच वाजता तू निघालास की ती काय करतील?"

"तू जा," महिपतराव म्हणाले. "तुला बघून ती शारजाला जातील."