वाढत्या पायाचे जोडे

आमच्या धारच्या शाळेच्या पडवीत जोडे साठतात, तसे माझ्याकडे किस्से साठतात. जो तो काढून ठेवून जातो, न्यायला कोणी येत नाही. आता पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून थोडे बाहेर टाकते. मी चार यत्ता शिकलेली बाई. बिगरीचा वर्ग सांभाळते, म्हणजे नाकं पुसून वेळ उरला तर मुळाक्षरं शिकवते. गोड बोलणं मला जमत नाही, तेव्हा त्याची वाट पाहू नका.

*

आमचे हेडमास्तर माणूस वाईट नव्हेत, पण एकदा महूच्या छावणीत जाऊन आले. तिथं गोऱ्या साहेबांची चिमुरडी पोरं बूट घालून शाळेला जाताना पाहिली, आणि आल्या आल्या ऑर्डर काढली. दिवाळीपासून बिगरीच्या मुलांनी बूट घालून यावं, बिनबुटाचं मूल घरी धाडावं. कसले बूट, ते मी ठरवायचं.

मी म्हटलं, "मास्तर, उभ्या जन्मात माझ्या पायात काही गेलेलं नाही. मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच तुमचं मत निःपक्षपाती," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांपुढे आली ती चिमी. सरकारी पागेतल्या विठू मोतद्दाराची पोर. पाच वर्षांची, आणि अख्ख्या वर्गात 'ज्ञ'पर्यंत पोचलेली ती एकटी. तिच्या आईनं मला आधीच बजावलं होतं, "एकदा जरी घरी धाडलीत ना बाई, तर पुन्हा यायची नाही ती. तान्हं सांभाळायला मला कोणीतरी पाहिजेच आहे."

विठूला गाठून जोड्यांचं विचारलं. तो घोड्याला खरारा करत होता. मान वर न करता म्हणाला, "बाई, आमच्या पागेत चार पाय असतील तरच काही मिळतं."

*

पहिले बूट आणले ते वकिलांच्या बाळूनं. महूचेच, घोट्याच्या वर जाणारे, नाडीचे. आता आमच्या वर्गात आहे सरस्वतीची तसबीर, त्यामुळे पायातलं पडवीत काढायचं. हेडमास्तरसुद्धा काढतात. म्हणजे आत येताना नाडी सोडायची, बाहेर जाताना बांधायची, आणि दोन्ही करणारी मी. कंबर माझी, हौस दुसऱ्याची.

एक दिवस बाळू म्हणाला, "बाई, शू लागली."

मी खाली बसले, नाडी ओवायला लागले. एक बूट बांधून झाला, तोवर दुसऱ्याची गरज उरली नव्हती.

संध्याकाळी वकिलीणबाई आल्या. "बाई, तुम्ही जरा भरभर बांधायचं."

"वहिनी, तुम्ही त्याला सकाळी जरा कमी पाणी पाजायचं."

त्याच दिवशी मी ठरवून टाकलं. नाडी नको, चकाकी नको. तळ जाड, पुढून ऐसपैस, आणि पोराला आपला आपण घालता-काढता येईल असा साधा देशी जोडा. हेडमास्तर म्हणाले, "पण याला बूट कसं म्हणायचं?" मी त्यांना ओली पडवी दाखवली. मग म्हणाले, "म्हणता येईल."

*

देवळाच्या पुजाऱ्यांकडच्या आजी नातवाला घेऊन आल्या. पोर चार वर्षांचं, जोडे त्याच्या बापालाही झाले असते. पुढे चिंध्या कोंबलेल्या.

"आजी, हे काय?"

"वाढत्या पायाचे आहेत. मुंजीपर्यंत पुरायला हवेत."

"मुंजीपर्यंत हा पडून दात पाडून घेईल."

"ते दुधाचे आहेत," आजी म्हणाल्या. "जोडे नाहीत."

दुपारी मी त्या पोराला मागून हाक मारली. पोर वळलं, जोडे पुढेच बघत राहिले.

*

हे मी देवासला बहिणीकडे सांगितलं तर ती म्हणते, तुझं काहीच नाही. तिच्या घरापुढच्या रस्त्याच्या अलीकडे एका महाराजांचं राज्य, पलीकडे दुसऱ्यांचं. अलीकडच्या शाळेत जोडे लागतात, पलीकडच्या आजोळी आजी चामडं दारात येऊ देत नाही. तिचा धाकटा रोज शाळेतून आजोळी जेवायला जायचा, तो बरोबर रस्त्याच्या मधोमध बसून जोडे काढायचा.

टांगेवाला ओरडला, "ए भिया, बीच में क्यों बैठा है?"

हा म्हणाला, "रुको, राज बदल रहा है."

*

दिवाळी झाली. चिमी सगळ्यांच्या आधी यायची, हेडमास्तरांच्याही आधी, आणि भिंतीशी बसायची. जायची सगळ्यांच्या शेवटी. वर्गात सगळेच अनवाणी, त्यात एक कोण ओळखणार? मला कोणी विचारलं नाही, मी कोणाला सांगितलं नाही.

मग इन्स्पेक्टरसाहेब आले. वर्ग पाहिला, चिमीकडून मुळाक्षरं म्हणवून घेतली, पडवीत गेले आणि म्हणाले, "हेडमास्तर, तुमच्या बुटांबद्दल फार ऐकलं. मुलांना घालून उभी करा पाहू रांगेत."

हेडमास्तर मला हळूच म्हणाले, "बिनबुटाचं कोणी नाही ना, बाई? आज असेल तर पटावरून नाव काढावंच लागेल."

मी म्हटलं, "बाहेर येऊन बघा."

पोरं पडवीत धावली. एकच झुंबड. मीही त्यात होतेच, जोडे लावून द्यायला. रांग लागली. हेडमास्तर सगळ्यात मागून आले, उंबऱ्याबाहेर आपले पंपशू शोधू लागले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग रांगेकडे पाहिलं आणि धोतराचा सोगा सोडून पायांवर नीट पसरला.

साहेब एकेक पाय बघत शेवटच्या पोरीपाशी थांबले. चिमी ताठ उभी होती. काळे कुळकुळीत पंपशू, पुढे माझ्या ओळखीच्या चिंध्या.

"हिचे जरा मोठे वाटतात," साहेब म्हणाले.

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरस्वतीकडे पाहिलं.

"वाढत्या पायाचे आहेत, साहेब," हेडमास्तर म्हणाले.