शून्य वस्तीचं वाळवण

"तिथे शून्य माणसं राहतात. तो स्टॉप काढ आणि फाइल पाठव," ग्रेग म्हणाला.

ग्रेग माझा मॅनेजर. माणूस सरळ, पण डेडलाइन जवळ आली की त्याला कॅलेंडरशिवाय काही दिसत नाही. मी डब्लिनला, म्हणजे आमच्या ओहायोतल्या डब्लिनला, नकाशांचं काम करते. जीआयएस म्हणतात त्याला. रस्ते, हद्दी, वस्त्या यांचे थर कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवायचे आणि कुठून कसं जायचं ते शोधायचं.

या वेळचा क्लायंट होता चिलीच्या उत्तरेकडचा एक प्रांत. एका अंगाला पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला वाळवंट, मध्ये डोंगर. पाऊस जवळजवळ नाहीच. आकाराने रत्नागिरी जिल्ह्याहून मोठा, आणि माणसं आमच्या डब्लिनपेक्षा कमी. त्यातली बहुतेक खाणींच्या गावांत नाहीतर बंदरात. किनाऱ्यावरच्या बारक्या वस्त्यांना नगरपालिका टँकरने प्यायचं पाणी पोचवते. आजवर टँकर सवयीने फिरायचा. आता रूट आमचं सॉफ्टवेअर ठरवणार होतं. स्टॉप गेला की तिथलं पाणी बंद.

आणि त्या 'शून्य' जागी सॅटेलाइट इमेजवर मला काळपट पट्टे दिसत होते.

"ओल असेल," शेजारच्या डेस्कवरचा अनिकेत म्हणाला. हा पुण्याचा.

"वाळवंटात कसली ओल, यार? भरतीच्या रेषेच्या केवढं वर आहे बघ. समुद्र एवढं सरळ काही मांडून ठेवतो का?"

माझं माहेर हर्णै. आई मासळी वाळत घालायची तेव्हा मधून पायवाट सोडायची, उलटायला जाता यावं म्हणून. इथेही पट्ट्यांमधून तश्शीच वाट सोडलेली. मी आधीच्या महिन्याची इमेज उघडली. पट्टे वेगळ्याच जागी! म्हणजे कुणीतरी पसरत होतं, उचलत होतं.

"वाळवण आहे हे," मी म्हणाले. "आणि वाळवण आहे तर राखायला माणूसही असणार."

"ताई, तुम्हाला मंगळावरपण सुकट दिसेल!"

ग्रेगला काही पटेना. "डेटा क्लायंटचा आहे. आपण त्यांच्याशी वाद घालत नाही."

"वाद नको, नुसतं विचारू. आणि तिथे माणसं निघाली तर ती काय समुद्राचं पाणी पिणार?" माझा आवाज चढला. डोकंच फिरलं होतं. ग्रेगने एकदा कॅलेंडरकडे पाहिलं, मग म्हणाला, "लाव कॉल."

मारिसोल तिकडच्या पाणीखात्यात नवीनच आलेली. तिने इमेज नीट पाहिली. म्हणाली, "आमच्याकडे घर जिथे नोंदलेलं असतं तिथेच माणूस मोजतात. या किनाऱ्यावर नोंदलेलं घर नाही. पण थांबा, मी स्वतःच जाऊन येते."

ती जाऊन येईपर्यंत मला चैन नव्हतं. डेडलाइन उलटली. ग्रेग माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. मी चुकले असते, तर अनिकेतने वर्षभर सुकटीवरून पिडलं असतं.

मग मारिसोलचा फोटो आला. वाळूवर पसरलेलं समुद्री शेवाळ, मागे पत्र्याच्या झोपड्या, दारात पाण्याची निळी पिंपं आणि बरीच माणसं. ही माणसं शेवाळ वाळवून विकतात. घरं बंदराच्या गावात नोंदलेली, राहणं मात्र इथेच.

"सुकट नाही निघाली हं, ताई," अनिकेत म्हणालाच. पण मला इतका आनंद झाला होता, की त्याला मी त्या दिवशी काहीही बोलू दिलं.

स्टॉप राहिला. ग्रेगने टीमला ईमेल पाठवलं: कुठलीही जागा रिकामी ठरवण्याआधी कुणीतरी डोळ्यांनी बघायची. सॉरी वगैरे म्हणाला नाही, पण डोनट्स आणले. धडा काय, तर शून्य आलं की क्लायंटला एक फोन करावा. डेडलाइन थोडी पुढे गेली तरी चालते.

शेवटच्या कॉलला मारिसोल हसत होती. वस्तीतल्या बायकांनी तिला विचारलं होतं, आम्ही इथे आहोत हे कुणी ओळखलं? ओहायोतल्या एका बाईने, तिने सांगितलं. तिथे समुद्र आहे? नाही.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "मग ती बिचारी तिथे राहते कशी?"