रिक्वायर्ड म्हणजे आग्रह नव्हे

निघताना मी लोखंडी टोकाचे बूट मागंच ठेवले. इंग्लंडच्या कारखान्यानं 'सेफ्टी शूज आर रिक्वायर्ड' असं स्वच्छ कळवलं होतं, तरीही. कोल्हापूरच्या स्टँडवर आई ते बूट पुढं करत होती आणि मी शहाणा म्हणत होतो, "त्यांनी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलंय गं." बुटांच्या जागेत चटणीचा डबा बसला.

'रिक्वायर'चा अर्थ शब्दकोशात बघितला होता की! आवश्यक ठरवणे. पण गाववाल्यांनो, आपल्याकडं आवश्यक गोष्टीचीही रीत असते. "पावणं, जेवायलाच लागतंय," म्हटलं की पाव्हण्यानं दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा ताटावर बसायचं. पहिल्या हाकेला बसला तो हावरट.

इंग्लंडात त्या लोखंड ओतायच्या कारखान्याच्या दारातली पहारेकरी बाई शांतपणे म्हणाली, बूट रिक्वायर्ड आहेत. माझ्या पायात लग्नातले काळे बूट. मी हसून मान हलवली, राहू द्या म्हटलं, आणि ती पुन्हा आग्रह करील म्हणून उभा राहिलो. तिनं खिडकी लावून घेतली.

नोकरी कच्ची होती. पहिल्याच पाळीला दाराबाहेर राहिलो म्हणजे परतीचं विमान. तेवढ्यात खुद्द मालक आला. त्याच्याही पायात साधे बूट. बाईनं त्यालाही तेच वाक्य, त्याच आवाजात ऐकवलं. आता हिची नोकरी गेली, असं मला वाटलं. तर मालक 'सॉरी' म्हणाला, गाडीकडं गेला आणि वाकून जाड बूट घालून आला! माझ्या अंगावर काटा आला. एवढंसं क्रियापद, आणि त्याच्यापुढं मालक नि मी एकाच रांगेत. आपल्याकडं साहेबाचा हॉर्न ऐकूनच फाटक उघडतं.

फोरमननं दुसऱ्या दिवशीची एक संधी दिली. आता तेच वाक्य मी नव्या पोरांना ऐकवतो, एकदाच. घर मात्र माझ्या लेखी अजून तेच, जिथं दोनदा नको म्हटलं तरी तिसऱ्यांदा विचारतात.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी नवे बूट घेऊन गावी फोन लावला. नोकरी राहिली का, म्हणून माझे वडील, आबा, शेजारच्यांच्या फोनपाशी बसूनच होते. मी सगळं सांगितलं, वर कुरकुरलो, "बाईनं दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही."

आबा म्हणाले, "मालक मुकाट्यानं बूट घालतोय, आन तुझ्या मिनतवाऱ्या कराव्यात व्हय? रुसलेला जावई हाईस काय रं तू?"