बांधावरची ढिली जाळी

माझी ड्यूटी धावडा गावाच्या वरल्या अंगाला, आमच्याच वस्तीच्या पाझर तलावावर लागली, तवा माझी चिमी नुकती भिताड धरून उभी राहायला लागल्ती. ड्यूटी म्हंजे होमगार्डची. मी सातवीतून शाळा सोडलेली. आमचे मालक शहागडला टरकावर, महिन्यातून एखांद्या बारी घरी. घरात सासू, तिचे गुडघे गेलेले. खाकी साडी नेसली, कमरेला पट्टा लावला, तरी मला भ्याव वाटायचंच. कुत्र्याचं भ्याव, सायबाच्या शिट्टीचं भ्याव, आन बांधावर चढलं की मागल्या पाण्याचं तर लईच. हे आधीच सांगून ठेवते, न्हाई तर वाचणाराला वाटायचं बाई मोठी धीराची व्हती. धीराची दुसरी व्हती. तिचंच सांगून राह्यले.

होमगार्डचं काम तसं बंदोबस्ताचं. राजूरच्या गणपतीला चतुर्थीची रांग लावायची, इलेक्शनला बूथवर उभं राहायचं. पण त्या वर्षी आमच्या तलावाचं मातीकाम नवं झाल्तं आन बांधाचा खालचा उतार उघडाच व्हता. काळी माती, मुरूम, वर गवताची एक काडी न्हाई. वळवाच्या एका सरीनं त्याच्यावर बोट-बोट नाल्या पडल्या. बांधाच्या खाली आमची वस्ती. वस्तीच्या पुढं ओढा, मागं डोंगराचा कडा. बांध गेला तर पळायला जागाच न्हाई. म्हणून आमच्या प्लाटूनचा श्रमदानाचा कॅम्प तिथं लागला.

प्लाटून कमांडर म्हंजे आमचे सायब. पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांची पलटण इंजिनियरची, लांबच्या डोंगरात रस्ते बांधणारी. बोलणं एकदम तोकडं. पहिल्या दिवशी फॉल इन झालं आन त्यांनी उताराकडं बोट केलं.

"दुश्मन दिसतो का?"

मंग एक पोरगी म्हणली, "न्हाई सायब. नुसती माती हाय."

"पळतं पाणी. त्याला चालायला लावायचं. बस, एवढंच काम. विश्राम."

पाण्याला चालायला लावायचं ते जाळीनं. अंबाडीच्या जाळीनं. आता अंबाडी आम्हाला काय नवी व्हती? पाल्याची भाजी खायची, ताटं पाण्यात कुजवायची, सोलून वाख काढायचा, दोर वळायचे. भूस आणायच्या जाळ्या घरोघरी व्हत्या. सायबानं तसल्याच जाळ्या विणायला लावल्या, पण लांबलचक, साडीच्या पन्ह्याएवढ्या रुंद, दोन बोटं जातील एवढी भोकं. उतारावर हरळीचे ठोंब लावायचे, मारवेल गवताचं बी फेकायचं, वरून जाळी अंथरायची. जाळीची वरची कड बांधाच्या माथ्यावर चर खोदून त्यात पुरायची आन खाली बाभळीच्या खुंट्या ठोकत जायचं.

म्या भीत-भीत इचारलं, "सायब, ही तर पावसानं सडून जाईन. नायलॉनची आणली असती तर?"

सायब हसले न्हाईत, पण चिडलेबी न्हाईत. "सडलीच पायजे. तिची ड्यूटी एक पावसाळा. तवर हरळी मूळ धरती. मंग हरळी चार्ज घेती आन जाळी माती व्हऊन जाती. नायलॉन चार्ज सोडतच न्हाई, गुरांच्या पोटात जातं."

मला ते लई नवल वाटलं. सडायसाठीच एवढं विणायचं?

आमची सेक्शन लीडर गयाबाई. धनगराची. नवरा मेंढरं घेऊन रानोमाळ, ही घरी लोकरीचं सूत काततच वाढलेली. अंगानं काडी, आवाज मातर नगाऱ्यावानी. अंबाडीचा वाख तिच्या मांडीवर असा वळायचा की दोर जणू आतूनच निघून राह्यला. मला तर ती सोडायचीच न्हाई.

"द्वारके, तू सावलीलाबी सलाम ठोकशीन."

"काऊन हो अक्का?"

"न्हाई तर काय. परवा म्हशीला सावधान झाल्ती."

सगळ्या बाया हसायच्या. पण दुपारी चिमीला सासू बांधाखालच्या लिंबाखाली घेऊन आली की गयाबाईच म्हणायची, "जाय, पाजून ये. जल्दी. तुझी खुंटी मी ठोकते."

निम्मा उतार झाला आन चतुर्थीच्या बंदोबस्ताचा हुकूम आला. सायब आन गडीमाणसं राजूरला निघाली. जाताना सायब जाळीवर हात फिरवून म्हणले, "ढिली टाकायची. मातीला चिकटली पायजे. गयाबाई, बराबर?"

"बराबर, सायब."

आता ऐका. आमच्याकडं बाज ढिली विणली तर सून नांदायची न्हाई म्हणत्यात. झोळी पडलेल्या बाजेला पाव्हणा बसला तर घराण्याची लाज जाती. पोरगी वयात आली की आई तिला पहिलं हेच शिकवती, पाय लाव आन ताण दे. सायब ढिली म्हणले ते आम्ही कानानं ऐकलं, हातानं ऐकलं न्हाई. सायब आल्यावर शाबाश म्हणतील म्हणून आम्ही बायांनी उरलेला निम्मा उतार असा ताणून विणला, असा ताणून खुंट्यांना आवळला, की बोटानं टिचकी मारली तर जाळी वाजायची. गयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणली, "हे बघा. गड्यांची बाजू बघा आन आपली बघा. त्यांची म्हंजे बाळंतिणीची बाज."

शेवटाला उताराचा एक पट्टा उघडाच राह्यला. तेवढा वाख संपला व्हता. सायब आल्यावर करू म्हणलं.

आन पाऊस आला. दुपारच्याला आभाळ डोंगरावर बसलं ते उठायचं नावच घेईना. मोठा, सरळ, दोरावानी पाऊस. बघता-बघता ओढा असा भरला की पलीकडची आमची वस्ती तुटली. कुणाला तिकडून इकडं येता येईना, इकडून तिकडं जाता येईना. आम्ही बांधावर. चिमी पलीकडं, सासूच्या मांडीवर, बांधाच्या बरोब्बर नाकाखाली. आमच्या घराचे पत्रे मला दिसत व्हते.

राजूरहून येणारी गाडी फाट्यावर अडली, सायब गड्यांसंगं तिथून भिजत चालत आले, तवा आम्ही नुसत्या बघत उभ्या. गड्यांच्या निम्म्यावर पाणी जाळीवरून झिरपत येत व्हतं. आमच्या निम्म्यावर जाळी कोरडी वाटावी अशी वरच ताठ, आन तिच्या खालून, जाळी आन मातीच्या फटीतून, पाणी लाल-काळं व्हऊन पळत व्हतं. जाळी त्याला शिवतच नव्हती. तिच्याखाली नाली पडली, नालीचा घळ झाला, घळ वर-वर माथ्याकडं सरकत व्हता. हाताभर माती उरल्ती. तेवढी गेली की तलावाचं पाणी घळीत उतरणार.

सायबानं जाळीला बोट लावलं. ताण बघितला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुणी ताणली हे मंग बघू. आता कापा. खुंट्यांचे आवळलेले दोर कापा, जाळी खाली पडू द्या. घळीत कडब्याच्या पेंढ्या. वरून पाय द्या. कमरेला दोर बांधल्याबिगर कुणी उतारावर जायचं न्हाई. सेक्शन लीडर?"

"हाजर," गयाबाई म्हणली.

"खालच्या लाईनीला कोण उतरणार?"

"मी."

मला तवा काय झालं सांगता येत न्हाई. पत्र्याच्या दिशेनं बघितलं आन मला पान्हा फुटला. एवढ्या गार पावसात छातीवर तेवढंच ऊन-ऊन लागलं. मी पळाले. ओढ्याकडं. गयाबाईनं माझा कमरेचा पट्टा मागून धरला.

"कुठं?"

"अक्का, माझी चिमी..."

"ओढ्यात बुडून तिला पाजणार हायेस का? तिला इथूनच धरायचंय, येडे. हा दोर घे. माझ्या कमरेला हाय. सोडशीन तर बघ."

म्या दोर धरला. माझ्या मागं अजून दोघी. दोर अंबाडीचाच, तिनंच वळलेला. तोंडात विळा धरून ती जाळीवरून खाली सरकत गेली. एकेक दोर कापायची, आन तेवढी-तेवढी जाळी भस्सकन खाली बसायची. बाकीच्या बाया पेंढ्या टाकून, पाय देऊन, ती चिखलात दाबत जायच्या. सायब वरून नुसतं म्हणत व्हते, "पुढं. शाबाश. पुढं."

जाळीचा शेवटचा दोर कापला.

त्या वक्ताला जे बघितलं ते मला अजून खरं वाटत न्हाई. एवढी मोठी जाळी, एका अंगानं, हळूच, मातीवर टेकली. भोका-भोकात चिखल भरला. आन पाणी थांबलं. म्हंजे थांबलं न्हाई, पर त्याला जणू कुणी हाक मारली. घळीतून धावत येणारं पाणी एका दोराला अडलं, फुटलं, दुसऱ्याला अडलं, अजून फुटलं. प्रत्येक भोकात एक घोटभर तळं. तिथून सावकाश खाली. खाली येईस्तवर त्याचा लाल रंग फिका पडल्ता. एवढ्या मोठ्या पाण्याला एका काडीच्या सालीनं चालायला लावलं व्हतं. अख्खं प्लाटून तोंड उघडं टाकून बघत उभं राह्यलं. सायबबी. त्यांनी तर टोपी काढली.

खालून गयाबाई ओरडली, "बसली गं बसली! लेकरावर गोधडी टाकावी तशी बसली! उगंच ताणली आपण, द्वारके, इथं काय पाव्हणा बसणार व्हता?"

ती हसत व्हती. मला ते हसणं बिलकुल बराबर याद हाय. आन तिच्या बाजूचा तो उघडा पट्टा, जिथं आम्ही जाळी टाकलीच नव्हती, तो एकदम सुटला. आवाज मोठा न्हाई झाला. ओली गोणी पडावी एवढाच. माती खाली गेली आन गयाबाई दिसंना.

दोर आमच्या हातात ताठ झाला. आम्ही सोडला न्हाई. मागं सरकत, पाय रोवत, सगळं प्लाटून दोराला लागलं. सायब हातानं माती उकरत व्हते. दोर तुटला न्हाई. तिला वर काढलं तवा दोर तिच्या कमरेला तसाच व्हता, गाठबी सरकली नव्हती. पर तिच्या तोंडात, नाकात माती. सायबानं तिला पालथी करून माती काढली, मंग उताणी करून छाती दाबली, तोंडात फुंकलं, परत फुंकलं. मंग तिच्या तोंडावरचा चिखल आपल्या टोपीनं पुसला.

आम्ही रडायला लागलो. सायब उभे राह्यले.

"त्या उघड्या पट्ट्यावर पेंढ्या टाका. उरलेली गोणपाटं टाका. ढिली. ड्यूटी संपली न्हाई."

आम्ही टाकली. रडत टाकली, पर ढिली टाकली. दिवस बुडताना पाऊस वसरला. बांध उभा व्हता. सकाळी ओढा उतरला, सायब मला म्हणले, "द्वारकाबाई, डिसमिस. घरी जा." मी पाण्यातून चालत गेले. चिमी पत्र्याखाली सासूच्या पदराशी खेळत व्हती. मला बघून तिनं तोंड फिरवलं, कारण मी वळखू येत नव्हते. डोक्यापासून पायापर्यंत बांधाची माती.

त्यानंतर माझ्याच्यानं वर्दी घालणं झालं न्हाई. पट्टा जमा केला. सायबानं सलाम केला. मला, म्हशीला सावधान व्हणाऱ्या बाईला.

पुढल्या वर्षी मी चिमीला घेऊन बांधावर गेले. जाळी बघायला गेल्ते. जाळी न्हाईच. हरळी बाजूला सारून बोटानं उकरलं तर चिमूटभर तपकिरी धागे निघाले, चोळले तर माती. सायब म्हणल्ते तसंच. चार्ज दिलेला. हरळीची मुळं मातीत अशी गुतली व्हती की उपटू म्हणलं तर उपटंना. उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं हिरवं. कुठली बाजू गड्यांची, कुठली आमची, काई वळखू येईना. तो उघडा पट्टाबी त्यातच.

मी तिथं बसले तवा खालून मेंढरांची घुंगरं वाजली. गयाबाईचा नवरा कळप घेऊन येत व्हता. उन्हाळ्याचे दिवस, आजूबाजूला चाऱ्याची काडी न्हाई, मेंढरं हिरव्याकडं तोंड करून पळायला लागली. बांधावर चराई बंदी व्हती, पर राखायला कुणी नव्हतं. मी एकलीच, तीबी बिनवर्दीची. त्यानं काठी आडवी धरली. तोंडानं एक आवाज काढला. सगळा कळप वळला. कड्याच्या अंगानं, खडकावरून, लांबच्या रस्त्यानं तो मेंढरं घेऊन निघाला. माझ्याकडं बघून त्यानं फेट्याला हात लावला.

सासू सांगती, तो रोज तसाच जातो. हुकूम कुणीच दिलेला न्हाई.

मी चिमीला कडेवरून खाली सोडलं. तिला आता चालता येत व्हतं. अनवाणी ती हरळीवरून उतारावर थोडी खाली गेली, जिथं तो पट्टा सुटला व्हता तिथवर, आन तिथं फतकल मारून बसली. मला भ्याव वाटलं न्हाई.

गयाबाई. सेक्शन लीडर. ड्यूटीवर व्हती.