लाल कपाटातली सुई

दवाखान्यात कंपाउंडर म्हणून हयात काढली की औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधं निदान संपतात तरी! हे सांगायला बसलो की मी हसतच सुरुवात करतो. पुढचं माझ्या हातात नसतं.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. नवेगाव बांध या तळ्याकाठच्या गावात आमचा दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, मी इथलाच. आमच्या लोकांचा गोळीवर काडीचा विश्वास नव्हता, सुईच पाहिजे! एका म्हाताऱ्याने सुई टोचून घेतली आणि बायकोला पुढे केलं. "हिलेही टोचा."

"यांना काय होतंय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. पन दोन कोस चालत आली ना बिचारी!"

*

एक सुई मात्र मागून मिळत नसे. मॉर्फिनची. ती लाल कपाटात, आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या जानव्याला! मी एकदा विचारलं, "अंघोळीलाही काढत नाही का?"

"अंघोळीला तर मुळीच नाही!"

*

सुखराम धानाची कापणी आटोपली की जंगलात लाकूडतोडीला जायचा. तिथे त्याच्या पायावर ओंडका पडला. साहेबांनी नडगीचं हाड बसवलं, सुई दिली. दुसऱ्याच दिवशी आई अत्यवस्थ असल्याची तार आली आणि साहेबांना निघावं लागलं. कोहमाऱ्याला जाणारी मोटार गाठायच्या घाईत त्यांनी जानव्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. "सुखरामला आणखी तीन दिवस सुई. मग साध्या गोळ्या. कितीही रडला तरी!"

चौथ्या दिवशी सुखराम रडला. त्याची बायको सीता दारात उभी राहून म्हणाली, "बाबू, तुमचा भाऊ असता तं?"

मी कपाट उघडलं. साहेब महिनाभर आले नाहीत आणि मी रोज उघडत राहिलो. वाटायचं, पुण्य करतोय! त्याची मला आजही लाज वाटते.

*

मग कपाटातल्या सुया संपल्या. दोन दिवसांत सुखरामला जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, थरथर. आमच्या भागात थरथर म्हणजे हिवताप! मी क्विनाइन पाजलं आणि सीतेला ऐटीत सांगितलं, "चार दिवसांत ठणठणीत!"

त्याच आठवड्यात साहेब परतले. त्यांनी सुखरामला पाहिलं, मग मला. "किती दिवस दिलीत?"

मी सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते नुसते खुर्चीत बसले. "हा हिवताप नाही हो. ते औषध अफूपासूनच करतात. त्याचं शरीर आता सुई मागतंय. आणि मी तरी किल्ली देताना हे कुठे सांगितलं तुम्हाला?"

*

किल्ली पुन्हा जानव्याला गेली. नव्या सुया आल्यावर साहेबांनी औषध थोडं थोडं कमी करत सोडवलं. सुखराम काठी टाकून चालू लागला. सीतेने तळ्यातले मासे आणून दिले. आम्ही दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण दर बाजाराच्या दिवशी सुखराम ओसरीवर हजर! "पाय दुखतो का?" साहेब विचारायचे.

"पाय तं बरा आहे, साहेब. सुई आठवून राहिली."

एकदा साहेबांचा तोल गेला. "पुन्हा कुठे मोठी जखम झाली तरच मिळेल ती! समजलं?"

सुखरामने मान डोलावली आणि तो घरी गेला.

*

दिवाळीनंतरची सकाळ. सीता सुखरामला धरून आली. त्याचा डावा हात लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला, चिंधी रक्ताने भिजलेली. सोडून पाहिलं, तर दोन बोटं नव्हती.

"कापणीत विळा लागला का?" मी विचारलं.

"विळा नाही, बाबू," सीता म्हणाली. " ओंडक्यावर हात ठेवला आन् सोताच कुऱ्हाड मारली. मी चूल पेटवून राहिली होती. धावत गेली, पन झालं होतं."

साहेब आतून आले. हात पाहिला, आणि त्यांची बोटं आपोआप जानव्याकडे गेली.

सुखरामचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण नजर लाल कपाटावर होती.

"आता तं देता ना, साहेब?"